मे महिन्यातला आंब्याचा चीजकेक: तडा, पाणी आणि भिजलेला तळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका ताईंनी आंबा घातलेला बेक्ड चीजकेक दोनदा करून पाहिला. पहिल्याला वरून मधोमध तडा गेला. दुसरा दिसायला छान झाला, पण कापल्यावर आंब्याच्या फोडींभोवती पाण्याची तळी साठलेली. दोन्ही वेळा खालचं बिस्किट ओलं गिच्च. घरात २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन आहे. मेच्या शेवटच्या रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, पंचवीस माणसं येणार आहेत आणि त्यातली निम्मी अंडं खात नाहीत. ‘आता तिसऱ्यांदा करू की सरळ आम्रखंड आणू?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, करा. आम्रखंड कुठे पळून जात नाही.

मी एकोणीस वर्षं एरंडवण्यात घरूनच ऑर्डरी घेते आणि एप्रिल-मेमध्ये क्लासही घेते. चीजकेक बिघडवून आलेल्या बायकांचं माझं एक निरीक्षण आहे. ज्यांचा स्पंज उत्तम होतो त्यांचाच चीजकेक हमखास फसतो, कारण नावातल्या ‘केक’ला त्या फसतात. भरपूर फेटतात, ओव्हन चांगला तापवतात, सुई घालून कोरडी निघेपर्यंत थांबतात. स्पंजला हे सगळं बरोबर. पण चीजकेक जातीने केकचा नव्हे, खरवसाचा भाऊबंद. चिकातली प्रथिनं मंद आचेवर गोठून खरवस लागतो, तशीच अंड्यातली प्रथिनं गोठून चीजकेक लागतो. खरवस जास्त उकडला तर काय होतं तुम्हाला ठाऊक आहे: जाळी पडते, पाणी सुटतं, दाताखाली रबर. तुमच्या पहिल्या चीजकेकचा तडा म्हणजे तीच जाळी, वेगळ्या वेशात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गुरुवारी ऑर्डरचा चीजकेक ओव्हनमध्ये जाऊन वीसेक मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुण्यात राहून मी विसरले, याला काय म्हणावं. आई ओट्याशी गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘अगं, मोदकपात्रात ठेव. खरवस उकडत नाही का आपण?’’ दुसरा इलाज नव्हता. टिनवर फॉइल घट्ट बसवली, मोठ्या मोदकपात्रात दोन पेले पाणी घातलं, चाळणीवर टिन ठेवला आणि गॅस अगदी बारीक. पाऊण तासाने उघडलं तर वरून पांढराफटक, सोनेरी रंगाचा पत्ता नाही, पण एकही चीर नाही आणि आतून लोण्यासारखा. वर आंब्याचा थर दिला आणि ऑर्डर गेली. त्या घरून दर मेमध्ये अजून फोन येतो.

म्हणून आधी उष्णतेबद्दल सांगते. अंड्याचं मिश्रण ६५ ते ७० अंशांना धरतं. टिनच्या मधोमध ६५ अंश झाले की बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि ओव्हन बंद केल्यावरही चार-पाच अंश वाढतात. तेवढे पुरे. मध्यभाग ८० च्या पुढे गेला की प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर टाकतात, पोत रवाळ होतो आणि थंड होताना आकसून तडा जातो. मांसाला टोचतात तो काटेरी डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. शाकाहारी घरात त्याचं हसं होतं, पण घ्या. पाक, पाव, सगळ्याला चालतो. तो नसेल तर टिनला बाजूने हलकी टिचकी मारा. कडेचे दोन इंच घट्ट असावेत आणि मधला वाटीएवढा भाग नीट न लागलेल्या दह्यासारखा थरथरावा. पाण्यासारखी लाट उठली तर कच्चा आहे. काहीच हललं नाही तर उशीर झाला. सुई घालायची नाही. सुई कोरडी निघेल त्या वेळी तो संपलेला असतो, आणि त्या भोकापासूनच चीर सुरू होते ते वेगळंच.

मंद आच सांभाळायला पाण्याची परात लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ओव्हन १५० ला असला तरी पाण्यात बसलेल्या टिनच्या कडा त्यापुढे जाऊ शकत नाहीत. पाणी सगळी जास्तीची उष्णता वाफ होण्यात खर्च करतं. परात नसेल तर कडा आधी फुगून कडक होतात, मधला भाग मागे राहतो आणि मग तो धरायला जाताना कडा ओढतो. चीर तिथेच पडते.

आता तुमचा भिजलेला तळ. मी पैजेवर सांगते, तुम्ही स्प्रिंगफॉर्म टिनला (कडेची रिंग खटक्याने सुटते तो) स्वयंपाकघरातली नेहमीची फॉइल जोड देऊन गुंडाळली होती. तो जोड गळतो. दोन थर द्या, तीन द्या, जोड आहे तिथे पाणी शिरतंच, आणि शिरलेलं पाणी फॉइलच्या आत कोंडून बिस्किट उकडत बसतं. मी फॉइल कधीच सोडली. सात इंची स्प्रिंगफॉर्म टिन आठ इंची साध्या अखंड केकच्या टिनमध्ये ठेवायचा आणि ती जोडी पाण्याच्या परातीत. मध्ये अर्धा इंच हवा राहते, त्याने पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, पण पाण्याचा टिनशी संबंधच येत नाही. परात म्हणून दहा इंची ॲल्युमिनियमचा टिन किंवा ओव्हनबरोबर आलेला ट्रे चालतो. २८ लिटरमध्ये हे सगळं बसतं. फक्त भिंतींना टेकू देऊ नका, भोवती हवा फिरायला बोटभर जागा ठेवा. पाणी कढत घाला, इंचभर उंच. गार पाणी घातलंत तर ओव्हनची पहिली वीस मिनिटं ते तापवण्यातच जातात.

ओटीजीबद्दल एक कटू सत्य: त्याच्या बटणावरचा १५० हा आकडा म्हणजे एक अंदाज. माझ्या पहिल्या ओव्हनमध्ये १५० म्हणजे १७५ होते, आणि हे मला तीन वर्षांनी कळलं. आत ठेवायचा साधा ओव्हन-थर्मामीटर रविवार पेठेतल्या केकच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. तो ठेवून रिकामा ओव्हन वीस मिनिटं तापवा आणि बटण कुठे असताना आत खरे १५० येतात तिथे पेनने खूण करा. शिवाय ओटीजीचा वरचा रॉड फार जवळ असतो. टिन सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा आणि सगळ्यात वरच्या खाचेत रिकामा ट्रे छत्रीसारखा सरकवा. वरून काळं-तपकिरी होणं थांबेल.

आता आंबा. दुसऱ्या चीजकेकमधल्या पाण्याचा दोष तुमच्याकडे नाही. कच्च्या फोडी घालायला सांगणाऱ्या कृतीचा तो दोष आहे. पिकलेल्या आंब्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्याच्या फोडी गोड मिश्रणात बसल्या की भोवतीची साखर त्यातलं पाणी ओढून घेते, जशी लोणच्यात मिठाने फोड पाणी सोडते तशी. वरून ओव्हनची ऊब. फोड आकसते, तिच्याभोवती पोकळी होते आणि पोकळीत पाणी. म्हणून आत जाणारं फळ नेहमी आटवलेलं हवं. कोकणात रस आटवून ठेवतात, आंबावडीसाठी, वर्षभरासाठी, तोच रस इथे उपयोगी. तो तयार असेल तर निम्मं काम झालं, पण त्यात साखर किती घातली आहे ते चाखून बघा आणि मिश्रणातली तेवढी कमी करा.

आंबा कुठला? आत घालायला मी हापूस घेते. आटवल्यावर टिकणारा वास त्याचा. पायरी रसाला राजा आहे, पण पातळ आणि तंतुमय, आटवायला दुप्पट वेळ. केशर रंगाला सुंदर आणि मेअखेरीस हापूसपेक्षा स्वस्त पडतो. अर्धा हापूस अर्धा केशर हे माझं नेहमीचं गणित. मेच्या शेवटी मार्केट यार्डातून पेटी आणणार असाल तर चार दिवस आधी आणा. आढीतला आंबा नेमक्या रविवारी तयार व्हावा अशी अपेक्षा धरू नका, तो त्याच्या मनाचा राजा. आणि हापूस एकेक करून वेगळ्या वाटीत कापा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा साका निघतो. त्याची आंबूस चव एका फळातून अख्ख्या पातेल्यात पसरते. एकदा आठ आंब्यांचा रस माझा असाच गेला, घाईत सगळे एकाच भांड्यात पिळले होते.

आटवायचं असं. ५०० ग्रॅम रस, मिक्सरमधून फिरवून गाळलेला. जाड बुडाची स्टीलची कढई किंवा नॉनस्टिक घ्या, लोखंडाची नको, आंबट रसाला काळपट रंग आणि धातूची चव येते. कढई रिकामी असताना वजन करून कागदावर लिहून ठेवा. रस, चमचाभर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर ठेवा. पहिली दहा मिनिटं नुसता खदखदतो आणि उडतो, लांब दांड्याचा उलथना घ्या, मनगटावर उडालेला आंब्याचा रस पाकासारखा चिकटून भाजतो. मग बुडबुडे जड होतात, ‘फुप्प फुप्प’ असा आवाज येतो. आता सोडून जायचं नाही. रंग पिवळ्याचा गडद केशरी होतो आणि उलथन्याने बुडाशी रेघ ओढली की ती लगेच मिटत नाही, दोन सेकंद वाट तशीच दिसते. तेव्हा कढईसकट पुन्हा वजन करा. कढईचं वजन वजा जाता २५० ग्रॅम उरले पाहिजेत, म्हणजे निम्मं वजन पाण्याबरोबर गेलं. ३०० भरले तर अजून पाच मिनिटं. डोळ्यांवर माझा विश्वास आहे, पण काट्यावर जास्त.

यातला १५० ग्रॅम रस पाच इंची डब्याच्या झाकणात प्लॅस्टिक अंथरून पसरा आणि फ्रीजरमध्ये कडक करा, निदान चार तास. ही गोठलेली चकती मिश्रणाच्या मध्ये बसवायची. सैल रस मिश्रणात ओतला तर तो जड असल्यामुळे खाली जातो आणि बिस्किटावर पसरतो. तुमचा तळ भिजण्याला हेही एक कारण असू शकतं. चकती बेक होईपर्यंत जागा सोडत नाही आणि कापल्यावर पांढऱ्याच्या मध्ये केशरी पट्टा सरळ दिसतो. उरलेला १०० ग्रॅम रस वरून लावायला ठेवा.

मिश्रणाकडे वळण्याआधी चक्क्याची बाजू मांडते, कारण त्यावरून क्लासमध्ये दरवर्षी वाद होतो. ‘ऑथेंटिक’ हवं म्हणून काही जणी फक्त क्रीम चीजच वापरतात. क्रीम चीज तसं अलीकडचं. १८७२ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्याने ते बनवायला सुरुवात केली. त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपात ताज्या, ओल्या चीजचे केक होतेच. जर्मन लोक आजही त्यांचा केझेकूखन क्वार्क घालून करतात, आणि क्वार्क चाखलात तर चक्क्याची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा चक्का घालणं ही काटकसर नाही. आंब्याबरोबर तर तो बरा लागतो, नुसतं क्रीम चीज हापूसच्या गोडीपुढे जड आणि बोथट होतं, चक्क्याचा आंबटपणा त्याला कापतो. फक्त सगळाच चक्का घातला तर स्निग्धांश कमी पडून पोत भुसभुशीत होतो. मी पाऊण भाग क्रीम चीज, पाव भाग चक्का घेते. क्रीम चीज डब्यातलं, साधं. लसूण-मिरीवालं नाही, हे सांगावं लागतं यावर विश्वास ठेवा.

चक्का घरी करणार असाल तर मेमध्ये पंचा नळाला टांगू नका. छत्तीस अंशांत चार-पाच तासांत दही आंबून जातं आणि ती आंबट चव बेक करून वाढते. चाळणीत पंचा, पंच्यात दही, वर वजन, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये रात्रभर. किलोभर दाट दह्याचा साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का मिळतो. डेअरीतला आणलात तर चाखून आणा आणि तोही दोन तास फ्रीजमध्ये वजनाखाली ठेवा. विकतच्या चक्क्यात बरंच पाणी असतं.

सात इंची टिनचं अंड्याचं प्रमाण असं: ४०० ग्रॅम क्रीम चीज, १३० ग्रॅम चक्का, ११० ग्रॅम बारीक साखर, दोन अंडी आणि एक जादा बलक, ६० मिली क्रीम, एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर, अर्ध्या लिंबाची किसलेली साल, चिमूटभर मीठ. वेलची घालू नका. वेलची घातली की सासूबाई ‘भाजलेलं आम्रखंड’ म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल.

परदेशी कृतीत सगळं ‘रूम टेंपरेचरला’ आणा असं असतं. त्यांची खोली वीस-बावीस अंशांची, तुमचं स्वयंपाकघर दुपारी पस्तीसचं. तिथे दोन तास बाहेर ठेवतात, आपल्याकडे अर्धा तास पुरे. बोट दाबलं की खळगा पडावा पण बोटाला तूप लागू नये.

चक्का आणि क्रीम चीज श्रीखंडासारखं पुरणयंत्रातून बारीक जाळीने काढा. ही माझी लाडकी युक्ती. गुठळी राहिली तर नंतर फेटून मोडावी लागते, आणि फेटलं की हवा शिरते. ओव्हनमध्ये ती हवा फुगते, चीजकेक डोंगरासारखा वर येतो आणि थंड होताना खचून चिरतो. पुरणयंत्रातून काढलं की फेटायचं कामच उरत नाही. साखर, मीठ, साल, कॉर्नफ्लॉवर घालून लाकडी चमच्याने ढवळा, मग क्रीम, आणि शेवटी अंडी एकेक करून, मिसळली की थांबा. बीटर वापरायचाच असेल तर सगळ्यात कमी वेगावर. मिश्रण दहा मिनिटं तसंच ठेवून भांडं ओट्यावर दोन-तीनदा आपटा, बुडबुडे वर येऊन फुटतात.

तळासाठी मी निम्म्याहून जास्त मारी घेते आणि बाकी श्रूसबेरी. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीतली असतील तर उत्तम, फक्त ती दुपारी बंद असते हे लक्षात ठेवून रांगेला लागा. १०० ग्रॅम मारी, ६० ग्रॅम श्रूसबेरी, ५५ ग्रॅम वितळलेलं लोणी, म्हणजे बिनमिठाचं बटर. सगळी श्रूसबेरी घेऊन नेहमीएवढं बटर घातलंत तर तळातून तूप पाझरतं, कारण त्या बिस्किटातच भरपूर स्निग्धांश असतो. चुरा टिनमध्ये वाटीच्या बुडाने दाबून बसवा, १६० ला दहा मिनिटं भाजा आणि पूर्ण गार करा. मग गार तळावर अंड्याच्या पांढऱ्याचा ब्रश फिरवून दोन मिनिटं ओव्हनमध्ये परत ठेवा, पातळ पापुद्रा धरतो आणि वरचा ओलावा बिस्किटात उतरत नाही. जादा बलक वापरलात, त्याचा पांढरा उरलाच आहे.

रचना सरळ आहे. टिनच्या कडांना बटर, मग निम्म्याहून थोडं कमी मिश्रण, वर गोठलेली चकती मधोमध, सगळीकडून इंचभर कड सोडून, आणि वर उरलेलं मिश्रण. चकती कडेला टेकली तर तिथून तुकडा सुटतो. खऱ्या १५० अंशांवर पाण्याच्या परातीत. बिनचकतीचा ५५ मिनिटांत होतो, चकतीचा गारवा उतरायला आणखी दहा मिनिटं. तरी ५० मिनिटांपासून टिचकी मारायला सुरुवात करा. थर्मामीटर खुपसाल तर चकतीच्या बाहेर, चकतीची कड आणि टिनची कड यांच्या बरोबर मध्ये.

झाला की ओव्हन बंद, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा आणि तासभर आतच राहू द्या. मग बाहेर काढून पातळ सुरी कडेने फिरवा. हे बहुतेक जणी विसरतात. चीजकेक गार होताना आत आकसतो, कड टिनला चिकटलेली असेल तर कड सोडण्याऐवजी तो मधून फाटतो. कोमट झाला की लगेच फ्रीजमध्ये. हिवाळ्यात दोन-तीन तास ओट्यावर राहिला तर चालून जातं, मेमध्ये दूध-अंड्याचा पदार्थ एक तासाच्या वर बाहेर नको. फ्रीजमध्ये निदान आठ तास, आधी उघडा, पूर्ण गार झाल्यावर झाकून. गरम असताना झाकलात तर झाकणाची वाफ वर टपकते, आणि तुम्ही पुन्हा पाणी सुटलं म्हणून आंब्याला दोष द्याल.

बिनअंड्याचा वेगळा करावा लागेल. नुसती अंडी वगळून भागत नाही, कारण धरणारा माणूसच काढून घेतल्यासारखं होतं. तिथे धरायचं काम कॉर्नफ्लॉवर आणि दुधाची प्रथिनं करतात. बंगाली भापा दोई, म्हणजे उकडलेलं गोड दही, माहीत असेल तर हा त्याच्याच घरातला. ३०० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम क्रीम चीज, ३०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ६० मिली क्रीम, २५ ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, मीठ, लिंबाची साल. वेगळी साखर नको. कॉर्नफ्लॉवर क्रीममध्ये आधी कालवून घ्या. हा मात्र जास्त तापू द्यायचा, मध्यभाग ८० च्या वर गेला पाहिजे, नाहीतर कॉर्नफ्लॉवर पुरता फुलत नाही, कच्ची पिठाळ चव राहते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. दोन्ही चीजकेक एकाच वेळी एका ओव्हनमध्ये घालू नका, दोघांच्या वेळा जुळत नाहीत. मी बिनअंड्याचा सरळ मोदकपात्रात उकडते, फॉइल घट्ट लावून, बारीक गॅसवर तासभर. तळाला फक्त मारी वापरा, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून, आणि पांढऱ्याचा ब्रश अर्थातच नाही. त्याऐवजी वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात. दोन टिनच्या सुऱ्या आणि ताटं वेगळी ठेवा. ज्यांना अंडं चालत नाही त्यांना एकच सुरी दोन्हीकडे फिरताना दिसली की त्या हात आखडता घेतात, आणि ते रास्त आहे.

वरच्या थराला कुणी जिलेटिन सुचवलं तर अर्ध्या पाहुण्यांसाठी ते बाद, ते प्राणिज असतं. मी थरच देत नाही. उरलेला आटीव रस दोन चमचे ताज्या रसात सैल करून पातळ पसरते, आणि ताज्या फोडी ताटात जायच्या आधी दहा मिनिटं.

आंब्याऐवजी काही करायचं मनात आलं तर: अंजीर छान लागतात, पुरंदरचे उन्हाळी बहाराचे मिळाले तर नक्की करा, पण शिजवून. अननस, किवी, पपई आणि अंजीर या फळांत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. कच्ची घातली तर दूध कडवट होतं आणि मिश्रण सैल पडतं. उकळी आली की ती द्रव्यं निकामी होतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम मेअखेरीस उरत नाही, फ्रोझन घेऊन आटवता येईल. करवंदं मिळाली तर आटवून, बिया गाळून, साखर जरा जास्त घालून बघा, जांभळट रंग आणि तुरट-आंबट चव चक्क्याबरोबर फार सुरेख जाते. कलिंगडाचा विचार करू नका.

पंचवीस जणांना दोन सात इंची टिन पुरतात, एकाचे चौदा तुकडे करा. भारी पदार्थ आहे, आधी पुरी-बासुंदी झाली असेल तर अर्ध्यांना तेवढाही जड होईल. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, दर तुकड्याला नव्याने. कार्यक्रम हॉलमध्ये असेल तर निघण्याआधी टिनसकट तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या घाला आणि टिन तिथे पोचल्यावरच उघडा. एकदा मी रिंग काढून, सुबक स्टँडवर ठेवून चीजकेक नेला होता. कर्वे रोडच्या सिग्नलला एक कडा बसली, पुढच्या सिग्नलला दुसरी. तिथे पोचून मी त्याचे पेले भरले आणि चेहऱ्यावर काही दिसू न देता ‘ट्रायफल’ म्हणून दिले.

वेळेचं म्हणाल तर बुधवारी आंबे कापून रस आटवा आणि चकत्या गोठवा, दोन टिनसाठी दोन. चक्काही त्याच रात्री लावा. गुरुवारी ओव्हनला हात लावायचा नाही, कारण वर सांगितलंच. हवं तर बिस्किटांचा चुरा करून ठेवा. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत अंड्याचा बेक करा, संध्याकाळी बिनअंड्याचा उकडा. शनिवारी दोघेही फ्रीजमध्ये पडून राहू देत. दुसऱ्या दिवशी चव मुरते, आणि काही बिनसलंच तर शनिवार तुमच्या हातात असतो. रविवारी फक्त फोडी कापायच्या.

एक राहिलं. तुमच्या ओटीजीत वरचा रॉड वेगळा बंद करता येतो का, ते लिहिलं नाहीत. येत असेल तर पहिला अर्धा तास फक्त खालचा रॉड ठेवा आणि वरचा रिकामा ट्रे लावायची गरज नाही.